एकाच वाळूच्या दोन चुनखडी: निक्षेपणानंतर कार्बोनेट खडकात नेमकं काय होतं?

तुमचा प्रश्न असा आहे: एका उभ्या कापात चुनखडीचे दोन थर एकमेकांवर आहेत. भिंगातून पाहिलं की दोन्हींत खसखशीएवढे गोल कार्बोनेट कण, म्हणजे ऊइड, दिसतात, म्हणजे मुळात दोन्ही एकाच जातीची वाळू. तरी वरच्या थरात ऊइडांच्या जागी नुसत्या गोल पोकळ्या उरल्या आहेत, आणि खालचा थर घट्ट, जड, जवळजवळ बिनछिद्र आहे. खालच्यात मधूनमधून तपकिरी डोलोमाइटही (कॅल्शियम-मॅग्नेशियम कार्बोनेट) आहे. हा फरक निक्षेपणाच्या, म्हणजे गाळ साचण्याच्या, वेळचा की नंतरचा, आणि तो कसा ओळखायचा?

फरक बहुतेक करून नंतरचा आहे, पण त्याचं बीज निक्षेपणाच्या वेळीच पडलेलं असू शकतं. कार्बोनेट खडकाचं पुढे काय होणार हे मुख्यत्वे दोन गोष्टी ठरवतात: त्याचे कण कोणत्या खनिजाचे होते, आणि त्यांना कोणकोणती पाणी कोणत्या क्रमाने भेटली. खडक किती जुना आणि किती खोल गाडला गेला, हे प्रश्न त्यानंतरचे. अनेक अहवालांत उलटं होतं. खोली आणि वय आधी लिहिलं जातं आणि सच्छिद्रतेचं स्पष्टीकरण त्यांच्यावर ढकललं जातं. या खडकांत ते क्वचितच पुरतं.

वालुकाश्मातला क्वार्ट्झचा कण डोंगरात सुटतो, नदीतून वाहत येतो आणि समुद्रात विसावतो. कार्बोनेटचा कण बहुधा जिथे पडलेला आहे त्याच परिसरात तयार झालेला असतो. उथळ, उबदार, उजेड पोचणाऱ्या पाण्यात प्रवाळ, शिंपले, फोरामिनिफेरा हे कवचधारी एकपेशीय जीव, लाल आणि हिरवी शैवालं पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन आपले सांगाडे घडवतात. हॅलिमेडासारखं हिरवं शैवाल मेलं की त्याच्या चकत्या सुट्या होऊन वाळूच बनते, आणि पेनिसिलससारख्या शैवालातून कॅल्शियम कार्बोनेटचं एक रूप असलेल्या अ‍ॅरागोनाइटच्या सूक्ष्म सुया चिखलात मिसळतात. थंड समुद्रातही कार्बोनेट साचतं. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्याजवळचा प्रचंड विस्तार तसाच आहे, पण तिथे प्रवाळ आणि ऊइड नसतात. ब्रायोझोआ (वसाहत करून राहणारे छोटे समुद्री जीव), शिंपले आणि लाल शैवालं असतात.

रसायनशास्त्र वरवर सोपं आहे. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट एकत्र आले की कॅल्शियम कार्बोनेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. म्हणून पाण्यातून कार्बन डायऑक्साइड जाईल, तिथे कार्बोनेट खाली बसण्याकडे कल होतो. कार्बन डायऑक्साइड वाढेल, तिथे विरघळण्याकडे. पाणी तापलं, लाटांनी घुसळलं गेलं किंवा शैवालांनी प्रकाशसंश्लेषणात वायू ओढून घेतला की पहिली गोष्ट होते. पाणी थंड झालं, दाब वाढला किंवा सेंद्रिय पदार्थ कुजला की दुसरी. खोल महासागरात साधारण चार ते पाच किलोमीटरखाली वरून पडणारं कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेटचंच दुसरं खनिज) टिकतच नाही, ते याचमुळे.

ऊइड मात्र सांगाडा नव्हे. मध्ये शिंपल्याचा किंवा दुसऱ्या कशाचा तुकडा, आणि त्याभोवती एकाबाहेर एक अशी पातळ आवरणं. भरती-ओहोटीचा प्रवाह जिथे वाळू सतत लोळवत ठेवतो, अशा काही मीटर खोलीच्या उथळ कठड्यांवर ते वाढतात. बहामाची किनारपट्टी हे आजचं सर्वांत अभ्यासलेलं ठिकाण. तिथले ऊइड अ‍ॅरागोनाइटचे असतात आणि त्यांच्या आवरणांतल्या सुया कणाच्या पृष्ठभागाला समांतर पडलेल्या असतात.

इथे तुमच्या प्रश्नाची पहिली चावी आहे. अ‍ॅरागोनाइट आणि कॅल्साइट यांचं रासायनिक सूत्र एकच, कॅल्शियम कार्बोनेट, स्फटिकरचना वेगळी. पृष्ठभागाजवळच्या तापमान-दाबाला कॅल्साइट स्थिर, अ‍ॅरागोनाइट अस्थिर, आणि अ‍ॅरागोनाइटची विद्राव्यता कॅल्साइटच्या सुमारे दीडपट. तिसरा सोबती म्हणजे मॅग्नेशियमयुक्त कॅल्साइट. लाल शैवालं आणि समुद्री अर्चिन यांचे सांगाडे त्याचे असतात, आणि गोड्या पाण्यात तोही अस्थिर ठरतो. आजच्या उथळ उष्ण समुद्रातला गाळ हा असा बहुतांशी अस्थिर खनिजांचा ढीग आहे. तो गाडला जाण्याआधीच बदलायला तयार असतो.

सगळ्या काळात मात्र तसं नव्हतं. आजच्या समुद्रात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांचं रेणवीय गुणोत्तर सुमारे 5.2 आहे. ते साधारण 2 च्या खाली असलं तर पाण्यातून थेट बसणारं कार्बोनेट कॅल्साइटचं असतं, वर असलं तर अ‍ॅरागोनाइट आणि मॅग्नेशियमयुक्त कॅल्साइटचं. क्रिटेशियस काळात हे गुणोत्तर 1 च्या आसपास उतरलेलं होतं. महासागरी पर्वतरांगांतून फिरणारं गरम पाणी बेसाल्टला मॅग्नेशियम देतं आणि त्याच्याकडून कॅल्शियम घेतं, म्हणून महासागरतळ वेगाने पसरत होता तेव्हा कॅल्साइटचे समुद्र आणि मंद होता तेव्हा अ‍ॅरागोनाइटचे, असा खुलासा बहुतेक जण स्वीकारतात. भूवैज्ञानिक फिलिप सँडबर्ग यांनी 1983 मध्ये प्राचीन ऊइडांच्या जतनावरून हे चढउतार मांडले होते. तुमच्या थरांचं वय कळलं तर कोणत्या खनिजाची शक्यता जास्त हे त्यावरून कळेल. पण फक्त शक्यता, पुरावा नव्हे. पुरावा ऊइडातच शोधायचा: आवरणांतली त्रिज्येसारखी बारीक रचना जशीच्या तशी शाबूत असेल तर तो मूळचा कॅल्साइट. ऊइडाच्या जागी पोकळी असेल, किंवा मूळच्या आवरणांची पर्वा न करता वाढलेले मोठे स्वच्छ स्फटिक असतील, तर तो बहुधा अ‍ॅरागोनाइट होता.

अमेरिकेच्या आखाती किनाऱ्याच्या आतल्या बाजूला, दक्षिण आर्कान्सा आणि उत्तर लुइझियानामध्ये जमिनीखाली असलेली उत्तर जुरासिक काळातली स्मॅकओव्हर चुनखडी याचं उत्तम उदाहरण. स्तरसंच एक, काळ एक. उत्तरेकडचे ऊइड अ‍ॅरागोनाइटचे होते. ते विरघळले आणि मागे गोल साचे राहिले. दक्षिणेकडचे कॅल्साइटचे होते. ते टिकले आणि सच्छिद्रता उरली ती कणांच्या मधल्या जागेत. तेलविहिरी खोदणाऱ्यांच्या दृष्टीने हे दोन पूर्णपणे वेगळे खडक आहेत.

आता पाण्याकडे. पहिलं पाणी समुद्राचं. कण तळावर पडून असताना सूक्ष्म शैवालं आणि बुरशी त्यांच्या कडेला बारीक बिळं पाडतात, ती बिळं अतिसूक्ष्म कार्बोनेटने भरतात, आणि कणाभोवती गडद मिक्राइटचं, म्हणजे त्या अतिसूक्ष्म कार्बोनेटचं, कवच तयार होतं. क्षुल्लक वाटणारं हे कवच पुढे फार उपयोगी पडतं: आतला शिंपला पूर्ण विरघळून गेला तरी कवच टिकतं आणि त्याचा आकार आपल्याला दिसत राहतो. याच टप्प्यात प्रवाहामुळे भरपूर पाणी वाळूतून खेळतं, आणि कणांभोवती सगळीकडून सारख्या जाडीची तंतुमय झालर बसते. उष्ण किनाऱ्यांवर भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली वाळू अशीच काही वर्षांत किंवा दशकांत दगड होते. त्या पुळणखडकात काचेच्या बाटल्या आणि दुसऱ्या महायुद्धातलं धातूचं सामान अडकलेलं सापडतं. खडक व्हायला लाखो वर्षं लागतातच असं मानणाऱ्यांनी हा एक दगड हातात घेऊन पाहावा.

दुसरं पाणी गोडं, आणि तुमच्या वरच्या थराची कथा बहुधा इथे घडली. समुद्रपातळी उतरली की उथळ कठडा उघडा पडतो. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती आणि बहामाचे सगळे कठडे चुनखडीची बेटं झाले होते. पावसाचं पाणी मातीतून जाताना मुळांनी आणि कुजण्याने तयार झालेला कार्बन डायऑक्साइड उचलतं, आम्लधर्मी होतं आणि वाळूत उतरतं. हे पाणी अ‍ॅरागोनाइटला असंपृक्त असतानाच कॅल्साइटला संपृक्त असू शकतं. म्हणजे तेच पाणी, त्याच जागी, एक खनिज विरघळवतं आणि दुसरं बसवतं. ऊइड आतून रिकामा होत जातो आणि त्याच्यातलं कार्बोनेट शेजारच्या फटीत कॅल्साइटचे स्वच्छ स्फटिक बनून बसतं. शेवटी मूळचं चित्र उलटं होतं: जिथे कण होते तिथे पोकळी, जिथे पोकळी होती तिथे दगड.

याचा एक परिणाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. अशा खडकाची सच्छिद्रता मोजली तर 20 ते 30 टक्केही निघू शकते, आणि तरी त्यातून पाणी किंवा तेल जेमतेम वाहतं, कारण प्रत्येक पोकळी तिच्या कोठडीत बंद असते. फक्त सच्छिद्रतेचा आकडा बघून भूजल किंवा तेलसाठ्याचा अंदाज बांधणं इथे धोक्याचं आहे. पारगम्यता, म्हणजे खडकातून द्रव किती सहज वाहतो ते, वेगळी मोजलीच पाहिजे. तुमच्या वरच्या थराच्या तुकड्यावर पाण्याचा थेंब ठेवून पाहा. थेंब लगेच शोषला गेला तर पोकळ्या जोडलेल्या आहेत. रेंगाळला तर नाहीत. ही चाचणी ढोबळ आहे, पण जागेवर मोठं काम करते.

गोडं पाणी भूजलपातळीच्या वर होतं की खाली, हेही सिमेंटच्या, म्हणजे कणांमधल्या जागेत बसून त्यांना जोडणाऱ्या खनिजाच्या, आकारावरून कळतं. वरच्या, अर्धवट हवा भरलेल्या पट्ट्यात पाणी फक्त कणांच्या टेकण्यांशी आणि कणांच्या खालच्या बाजूला लोंबत राहतं, म्हणून सिमेंटही तिथेच बसतं: दोन कणांमध्ये आत वळलेल्या कडा, किंवा कणाखाली लोंबणारी दाढी. पातळीखाली सगळी पोकळी पाण्याने भरलेली असते, तिथे स्फटिक सगळ्या बाजूंनी वाढतात आणि पोकळीच्या मध्याकडे जाताना मोठे होत जातात. थराची वरची बाजू कुठली हे न नोंदवता नमुना आणला, तर दाढी खाली आहे की वर हे सांगता येत नाही आणि अर्धा पुरावा वाया जातो. नमुन्यावर वरच्या दिशेचा बाण काढणं म्हणूनच मी कधी सोडत नाही.

दोन थरांच्या सीमेवर किंवा वरच्या थराच्या माथ्यावर तांबूस माती, मुळांच्या नळ्या, कॅलिशेचे (मातीत जमलेल्या कार्बोनेटचे) पापुद्रे किंवा विरघळून झालेला खडबडीत पृष्ठभाग दिसला, तर उत्तर जवळजवळ हातात आलं. पण तो पृष्ठभाग नक्की कुठे आहे हे बघा. वरच्या थराच्या माथ्यावर असेल, तर वरचा थर उघडा पडला आणि गोड्या पाण्यात धुतला गेला, आणि खालचा त्या पाण्याच्या आवाक्याबाहेर राहिला किंवा विरघळून आलेलं कार्बोनेट त्यातच बसलं, असं म्हणता येतं. तो पृष्ठभाग दोन्हींच्या मध्ये असेल, तर खालचा थर आधीच उघडा पडून गेला होता, आणि वरच्या थराचं विरघळणं नंतरच्या एखाद्या उघडीपीचं आहे.

खालचा थर घट्ट होण्याचा दुसरा मार्ग म्हणजे गाडलं जाणं. ताज्या ऊइडवाळूत 40 ते 45 टक्के पोकळी असते, कार्बोनेट चिखलात 60 ते 70 टक्के. प्राचीन चुनखडीत बहुधा पाच-दहा टक्क्यांहून कमी उरते. वरचा भार वाढला की कण आधी जवळ सरकतात, फुटतात, चिखल चेपतो. मग काही शे मीटर खोलीपासून पुढे जिथे कण एकमेकांवर दाबले जातात, तिथे ते विरघळू लागतात आणि सुटलेलं कार्बोनेट आजूबाजूच्या मोकळ्या जागेत बसतं. स्टायलोलाइट नावाच्या करवतीसारख्या काळपट रेषा याच्याच खुणा. त्यांत उरलेली काळी माती म्हणजे विरघळून गेलेल्या खडकाचा गाळ. रेषेच्या दातांची उंची बघितली की निदान तेवढ्या जाडीचा खडक तिथून गेला हे कळतं. चिकणमातीचा अंश थोडा जरी असला तरी दाबाने विरघळणं लवकर सुरू होतं, म्हणून खालच्या थरात मातीचं प्रमाण जास्त आहे का हेही पाहा.

आधी सिमेंट की आधी चेपणं, हे ठरवायला पातळ छेदात ऊइड एकमेकांना कसे टेकलेत ते बघायचं. नुसत्या बिंदूंनी टेकलेले, मोकळे, मधली सगळी जागा स्वच्छ कॅल्साइटने भरलेली, असं असेल तर सिमेंटने कणांना लवकर धरून ठेवलं आणि चेपणं आलं तरी काही करू शकलं नाही. ऊइड एकमेकांत रुतलेले, त्यांच्या सीमा दातेरी आणि मध्ये सिमेंट नाममात्र, असं असेल तर ते बिनसिमेंटचे खोल गेले आणि दाबानेच घट्ट झाले. दोन्ही खडक हातात सारखेच जड लागतात. सूक्ष्मदर्शकाशिवाय हा निर्णय होत नाही.

यावरून हेही ध्यानात येतं की खोली आणि सच्छिद्रतेचा संबंध सैल आहे. चॉक याचं टोकाचं उदाहरण. कोकोलिथोफोर या तरंगत्या शैवालांच्या सूक्ष्म चकत्यांचा हा खडक मुळातच स्थिर कॅल्साइटचा. अ‍ॅरागोनाइट नाही, म्हणून लवकर विरघळून सिमेंट पुरवणारं काहीच नाही. उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क क्षेत्रात हा चॉक सुमारे तीन किलोमीटर खोल असूनही त्याच्या काही भागांत 40 टक्क्यांच्या घरात सच्छिद्रता टिकली होती. पाण्याचा दाब जास्त राहणं आणि तेल आधी येणं यांनीही हातभार लावला. पुढे तेल काढल्यावर दाब उतरला, चॉक चेपला आणि समुद्रतळ काही मीटर खचला.

राहिला डोलोमाइट. फ्रेंच भूवैज्ञानिक देओदा द दोलोमिय यांनी 1791 मध्ये आल्प्समधल्या, आम्लात नीट न फसफसणाऱ्या चुनखडीचं वर्णन केलं, आणि तेव्हापासून हा खडक भूवैज्ञानिकांना सतावतो आहे. समुद्राचं पाणी डोलोमाइटला कित्येक पटींनी अतिसंपृक्त आहे, तरी तो त्यातून साध्या तापमानाला बसत नाही. संशोधक लिंटन लँड यांनी 25 अंशांवर हजारपट अतिसंपृक्त द्रावण 32 वर्षं ठेवलं आणि 1998 मध्ये निष्फळ निकाल प्रसिद्ध केला. अडचण अशी की स्फटिकात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे आळीपाळीने काटेकोर थर लागतात, आणि मॅग्नेशियम आपल्याभोवतीचे पाण्याचे रेणू सहज सोडत नाही. 1995 मध्ये ब्राझीलमधल्या लागोआ व्हर्मेल्हा या खाजणातल्या सल्फेट क्षपण करणाऱ्या जिवाणूंच्या साहाय्याने प्रयोगशाळेत डोलोमाइट बसल्याचं दाखवलं गेलं. 2023 मध्ये आलेलं काम मला अधिक पटतं: द्रावण आलटून पालटून संपृक्त आणि असंपृक्त केलं की चुकीच्या जागी बसलेले अणू विरघळून जातात आणि पुढची वाढ कितीतरी वेगाने होते. भरती-ओहोटी, पाऊस आणि बाष्पीभवन जिथे आलटून पालटून चालतात त्या अबू धाबीच्या सबखासारख्या खाऱ्या सपाट किनाऱ्यांवर आजही डोलोमाइट का सापडतो, याच्याशी ते जुळतं.

तुमचा डोलोमाइट तिथला असेलच असं मात्र नाही. तपकिरी रंगावरून त्यात लोह असावं. लोह असलेला डोलोमाइट हवेत गंजून तपकिरी होतो, आणि लोह स्फटिकात शिरायला ऑक्सिजन नसलेलं पाणी लागतं. म्हणजे तो गाडल्या गेल्यानंतरचा असण्याची शक्यता जास्त. स्टायलोलाइटच्या रेषांना धरून असेल तर जवळजवळ निश्चित. कडा वाकलेले, घोड्याच्या खोगिरासारखे स्फटिक असतील तर तो बहुधा 60 अंशांहून गरम पाण्यातला. आणि एक सावधगिरी: दोन रेणू कॅल्साइटचे एक रेणू डोलोमाइटमध्ये बदलले तर घनफळ सुमारे 13 टक्क्यांनी घटतं, हे गणित बरोबर आहे; पण त्यावरून प्रत्येक डोलोमाइट सच्छिद्र असतो असा निष्कर्ष काढला जातो तो चूक. बाहेरून कार्बोनेट येत राहिलं तर डोलोमाइट पोकळ्याही भरून टाकतो. तुमचा खालचा थर त्याचाच नमुना असू शकतो.

प्रत्यक्षात काय करायचं? दोन्ही थरांची सीमा मध्ये येईल असा एक उभा तुकडा काढा, त्याचा छेद करा आणि आधी सौम्य आम्लातल्या अलिझरिन रेड एस आणि पोटॅशियम फेरिसायनाइडने रंगवा. कॅल्साइट लालसर होतो, डोलोमाइटला तो लाल रंग चढत नाही, आणि लोह असेल तिथे जांभळी-निळी झाक येते. मग एक पोकळी निवडा आणि कणाच्या कडेपासून मध्यापर्यंत काय-काय बसलंय ते क्रमाने लिहा: मिक्राइटचं कवच, तंतुमय झालर, जाड स्वच्छ कॅल्साइट, लोहयुक्त कॅल्साइट, डोलोमाइट. कशाने काय कापलं जातं तेही नोंदवा. स्टायलोलाइटने कापलेलं सिमेंट त्याच्या आधीचं, स्टायलोलाइटवर वाढलेलं नंतरचं. कॅथोडोल्युमिनेसन्सची, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याखाली खनिज चमकवून पाहण्याची, सोय असेल तर साध्या प्रकाशात एकसंध दिसणाऱ्या त्याच कॅल्साइटमध्ये गडद आणि नारिंगी पट्टे दिसतील. मँगनीज उजळवतं, लोह मालवतं, आणि पाण्यातला ऑक्सिजन कमी होत गेल्याचा इतिहास त्यात वाचता येतो.

समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचं) मापन त्यानंतर, आधी नको. संपूर्ण खडकाची पूड करून काढलेला आकडा समुद्राचं, पावसाचं आणि खोलातलं सिमेंट यांची सरासरी असतो, आणि अशी सरासरी कुठल्याच पाण्याची नसते. बारीक ड्रिलने एकेका सिमेंटमधून वेगळी पूड घ्या. वरच्या थरातल्या स्वच्छ कॅल्साइटमध्ये हलका कार्बन वाढलेला निघाला, आणि ती वाढ माथ्यावरच्या उघड्या पृष्ठभागाकडे जाताना जास्त होत गेला, तर तो कार्बन मातीतून आलेला आणि ऊइड पावसाच्या पाण्याने रिकामे केले. तसं नाही निघालं तर विरघळणं खोलात झालं का, हा प्रश्न उघडा ठेवावा लागेल आणि पोकळ्यांच्या भिंतींवर उशिरा बसलेलं काही आहे का ते पाहावं लागेल.